खोली खाली आहे

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, ओरछा कसं आहे, आणि मी सुधाच्या गुडघ्याबद्दल सांगायला लागतो. लोक थोडा वेळ ऐकून घेतात आणि मग महाल किती मोठे आहेत ते विचारतात. त्यांचं बरोबरच आहे. प्रवासाहून आलेल्या माणसानं महालाबद्दल बोलावं, बायकोच्या गुडघ्याबद्दल नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. महाल येतील. पण गुडघा आधी येईल, त्याला इलाज नाही.

मी मूळचा अमरावतीचा. नोकरीसाठी जबलपूरला आलो, दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा विभागात आयुष्य काढलं आणि इथंच घर बांधलं. सुरळीत चाललेल्या गोष्टीत काय बिघडू शकतं ते शोधून काढायचं, हे माझं काम. आमच्याकडे ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी जवळ उभं करत नसे. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण सवय सुटली नाही, आणि आता तिच्या तावडीत बायको आणि मुलगी एवढीच माणसं उरली.

सुधा इथलीच. तिचे आजोबा वर्ध्याहून रेल्वेत नोकरीला आले ते जबलपूरचेच झाले. मागच्या हिवाळ्यात ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना जिन्यात घसरली. मी खाली पेपर वाचत बसलो होतो. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. हाड मोडलं नाही, पण आधीच कुरकुरणारा गुडघा पार कामातून गेला आणि उन्हाळ्यात तो बदलून घ्यावा लागला. ऑपरेशन चांगलं झालं. तिला घरी आणलं त्याच दिवशी मी वरच्या बेडरूममधला पलंग खाली, बैठकीच्या शेजारच्या खोलीत आणून ठेवला.

दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी सांगितलं, आता जिना चढायला हरकत नाही. मी म्हणालो, अजून थोडे दिवस जाऊ देऊ. दिवाळी झाली तरी माझे थोडे दिवस संपेनात. गच्चीवर तिच्या कुंड्या आहेत. त्यांना पाणी घालायचं काम मी रश्मीला, आमच्या मुलीला, लावून दिलं होतं. यंदा झेंडू काय फुलला होता म्हणता!

जेवणाच्या टेबलावर

एके दिवशी जेवताना सुधा म्हणाली, “लग्न झाल्यापासून म्हणून राहिली, ओरछाला जाऊ. एकदा मला राजाच्या महालात झोपायचं आहे. आता मला दुसरा पाय पण बदलायला लावता का, मग जाल?”

तिच्या आवाजात चिडणं नव्हतं, थकलेपणा होता, आणि तो मला चिडण्यापेक्षा जास्त लागला. रश्मीनं लगेच ताटावरूनच मोबाईल उघडला. ती एका कंपनीचं काम घरी बसून करते, गाडी उत्तम चालवते, आणि तिला मराठी सगळं समजतं. बोलताना मात्र मध्येच हिंदीचा हात धरते. थोड्याच वेळात बेत असा ठरला की नुसतं ओरछाला जाऊन यायचं नाही. जाता जाता जुन्या जागी मुक्काम करत जायचं. पहिली रात्र दमोहच्या अलीकडच्या जंगलात इंग्रजांच्या काळच्या डाक बंगल्यात, दुसरी छत्तरपूरच्या पुढं एका जुन्या जहागीरदाराच्या गढीत, आणि मग ओरछाला किल्ल्याच्या आतच.

पहिला मुक्काम जबलपूरपासून इतका जवळ कशाला, असं रश्मीनं विचारलं. तो मी मुद्दाम सुचवला होता. गुडघा दुखला तर माघारी फिरता येईल. त्यानंतर मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. रस्ता कुठं खराब आहे, पाय लांब करता येईल अशी सीट कुठली, संडास बसायचा की खुर्चीसारखा. पण माझी खरी अट एकच होती. सुधानं जिना चढायचा नाही. मी रश्मीला बजावलं, “बाकी काही विचारू नको. प्रत्येक ठिकाणी फक्त विचार, खोली खाली आहे का.”

सुधा समोर परातीत मटर सोलत बसली होती. मझौलीकडचा पहिला मटर बाजारात आला की आमच्या घरात महिनाभर तेच काम असतं. घरात फोनला रेंज नीट येत नाही म्हणून रश्मी अंगणात गेली आणि तिन्ही ठिकाणी बोलून आली.

“झालं पप्पा. खोली खाली आहे.”

“तिन्ही ठिकाणी?”

“हो न. तिघांना विचारलं मी. खाली आहे. तुम्ही ना, उगाच टेन्शन घेऊन राहिले.”

सुधाचा शेंगेवरचा हात जरासा थांबला. मग तिनं चार दाणे तोंडात टाकले आणि पुढची शेंग उचलली.

कटंगी आणि डाक बंगला

डिसेंबरातल्या एका सकाळी निघालो. उन्हात मटराचे ढीग भरलेल्या ट्रॉल्या शहराकडे येत होत्या आणि आम्ही उलट्या दिशेनं चाललो होतो. हिरन नदीचा पूल ओलांडून कटंगीला पोचलो. इथं थांबून रसगुल्ला खाल्ला नाही तर जबलपूरचा माणूस प्रवासाला निघालाच नाही असं समजतात. हा रसगुल्ला म्हणजे मुठीएवढा, काळसर, तुपात तळलेला आणि पाकात बुडवलेला गोळा. आपल्याकडे त्याला निमूटपणे गुलाबजाम म्हणतील. पहिल्यांदा इथं आलो तेव्हा मी पांढरा, पचपचीत रसगुल्ला मिळेल म्हणून बसलो होतो आणि हे काय दिलं म्हणून दुकानदाराशी वाद घातला होता. शब्द तोच आणि वस्तू भलतीच, हे इथं राहून मला कळायला हवं होतं. पुढं जे झालं त्यावरून कळलेलं नव्हतं असंच दिसतं.

डाक बंगला सागवानाच्या जंगलात आहे. लाल कौलं, जाड भिंती, चारी बाजूंनी व्हरांडा आणि आत छताला टांगलेल्या जुन्या हातपंख्याचा फक्त दांडा. एकमजली. मी गाडीतून उतरल्या उतरल्या ते बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. रश्मीला म्हणालो, बरोबर विचारलंस बेटा. तिला त्यात विशेष काय ते कळलं नाही.

चौकीदाराच्या बायकोनं संध्याकाळी गक्कड-भरता केला. कणकेचे गोळे शेणीच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि भाजलेल्या वांग्याच्या भरताशी खायचे. आमच्या अमरावतीकडचे रोडगेच हे. मी तसं सांगितल्यावर त्या बाईंनी तुमच्याकडे त्यात काय घालतात, कसे वळतात ते खोदून खोदून विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या की म्हणजे आमचेच गक्कड आहेत, नाव तेवढं तुम्ही बदललंय. सुधा चुलीजवळ स्टुलावर पाय लांब करून बसली होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला असं पोटभर जेवताना बघितलं.

सकाळी मात्र एक नुकसान झालं. गुडघा शेकायला मी गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली होती. ती व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत ठेवली, आणि एका लंगुरानं ती उचलून सागाच्या शेंड्यावर नेली. तिथं बसून त्यानं ती दाबून बघितली, हुंगली, चावली आणि मांडीवर घेऊन बसला. मी खालून टाळ्या वाजवत होतो. रश्मी फोटो काढत होती. सुधा इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. म्हणाली, राहू द्या, त्याचा पण गुडघा दुखत असेल.

गढी

दुसऱ्या दिवसाचा रस्ता मला सगळ्यात आवडला. नोहटा गावात रस्त्यालगतच हजार वर्षांपूर्वीचं शिवमंदिर आहे. तिथं आमच्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते, बाकी कुणी नाही. आपल्याकडे एवढं जुनं देऊळ असतं तर बाहेर नारळाच्या दुकानांची रांग लागली असती. दमोह मागं पडलं तशी जमीन उघडी होत गेली. हरभऱ्याची शेतं, मध्येच काळ्या दगडांच्या टेकड्या, आणि प्रत्येक तिसऱ्या टेकडीवर कुणाची तरी पडकी भिंत. एका ढाब्यावर चहा पिताना रश्मीनं विचारलं, इतके किल्ले कशाला बांधले असतील. सुधा म्हणाली, ज्याला त्याला दुसऱ्याची भीती असेल. हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

गढी मुख्य रस्ता सोडून आत आहे. मोठा दरवाजा, त्याच्या आत चौक, चौकात लिंबाची झाडं आणि पलीकडे तलाव. जहागीरदारांची माणसं आता भोपाळला असतात. गढीचं सगळं तिवारीजी नावाचे पन्नाशीचे गृहस्थ बघतात. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बॅगा उचलायला माणूस बोलावला आणि चौकाच्या कोपऱ्यातल्या दगडी जिन्याकडे हात केला. जिना चांगला उंच होता, मध्ये एक वळण घेऊन वर जात होता.

मी तिथंच उभा राहिलो आणि शांतपणे सांगितलं की फोनवर आमची खालची खोली ठरली आहे. तिवारीजी गोंधळले. खाली तर कोठार आणि स्वयंपाकघर आहे, म्हणाले. मग त्यांनी रश्मीकडे बघितलं.

“नहीं साहब, बिटिया ने पूछा था, कमरा खाली है क्या। हमने कहा, खाली है। अभी भी खाली है। ऊपर है, पर खाली है।”

मी रश्मीकडे वळलो. ती म्हणाली, “तुम्हीच तर म्हटलं होतं, विचार, खोली खाली आहे का. मी तेच विचारलं.”

तिचं चुकलं नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं. मराठीत खाली म्हणजे तळाशी, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामी. मी मराठीत सांगितलं, तिनं तो शब्द जसाच्या तसा उचलून हिंदीत ठेवला. पलीकडून उत्तर आलं ते हिंदीतलं, आणि तिनं ते तसंच उचलून माझ्यासमोर मराठीत आणून ठेवलं. रोज भाजीवाल्याला ‘थैला खाली करो’ म्हणणारा मी, एवढी तपासणी करून, बरोबर त्याच शब्दाला अडखळलो होतो.

मग मी जे करायचं ते सगळं केलं. चौकातल्या ओसरीवर खाट टाकून देता का, असं विचारलं. छत्तरपूरला परत फिरून साधं हॉटेल बघू, म्हणालो. रश्मीला ओरछाला फोन लावायला सांगितलं, कारण तिथंही आता काय वाढून ठेवलंय ते उघड होतं. ती म्हणाली, फोन लावते, पण आधी आईला तर विचारा. आम्ही दोघं मागं वळलो तर सुधा तिथं नव्हती. ती जिन्याच्या वळणावर होती.

मी धावलो. तिच्या मागच्या पायरीवर दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघालेल्या माणसासारखा, मी तिच्याबरोबर वर सरकत राहिलो. तिनं एका हातानं भिंत धरली होती, दुसऱ्या हातात काठी होती. चांगला पाय आधी वर, मग ऑपरेशनचा पाय त्याच्याशेजारी. पुन्हा चांगला पाय. तिची लय एकदाही तुटली नाही. मी पायऱ्या मोजायला लागलो तेव्हा न वळता म्हणाली, “मोजू नका. माझी लय तुटते.”

वर पोचल्यावर तिनं श्वास घेतला, काठी कोपऱ्यात ठेवली आणि खिडकी उघडली. तलावात उतरता सूर्य पडला होता, पलीकडच्या घाटावर बायका भांडी घासत होत्या आणि एक म्हैस पाण्यात मानेपर्यंत जाऊन बसली होती. खिडकीला दगडी बैठक होती. सुधा तिच्यावर बसली ती जेवायची वेळ होईपर्यंत उठली नाही. मी तिच्या गुडघ्याला हात लावून बघितला. गरम नव्हता, सुजलाही नव्हता. मी दर थोड्या वेळानं तेच करतो आहे म्हटल्यावर तिनं तो पाय शालीखाली घेतला.

मला त्या खोलीत झोप फार चांगली लागली नाही. उतरायचं बाकी होतं.

ओरछा

उतरणंही झालं. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एवढंच ती मला सांगत होती, जसं काही मीच शिकाऊ आहे.

ओरछा दिसतं ते आधी लांबून. रानातून एकदम वर आलेले घुमट, आणि मग त्यांच्यामध्ये एवढंसं गाव. या गावाचा राजा अजूनही राम आहे. देवळात त्याला देव म्हणून नाही, राजा म्हणून बसवलेलं आहे. संध्याकाळी आरतीच्या वेळी पोलीस बंदूक घेऊन उभे राहतात आणि रीतसर सलामी देतात. प्रसादाला पानाचा विडा आणि अत्तराचा बोळा मिळतो. आमच्या घरी रामनवमीला सुंठवडा करतात. तो खाऊन वाढलेल्या मला रामाच्या हातून विडा घेताना जरा लाजल्यासारखं झालं. सुधानं तो तिथंच खाल्ला आणि मला ओठ दाखवले.

आमची खोली किल्ल्याच्या आत, अर्थातच वर होती. हॉटेलच्या माणसानं काही म्हणायच्या आधीच रश्मी म्हणाली, माहीत आहे, ऊपर है पर खाली है. या वेळी मी भांडलो नाही. फक्त तिच्या मागं हात पसरून चढलो. रात्री सुधा छताकडे बघत पडली होती. छतावर वेलबुट्टी होती, तिचा रंग अर्धा उडालेला. म्हणाली, राजाला पण झोपताना एवढंच दिसत असेल ना. आणि लगेच घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली की जहांगीर महालाच्या वरपर्यंत जायचं. हा महाल म्हणजे नुसता जिन्यांचा कारखाना आहे. अरुंद, अंधारे जिने, आणि पायऱ्या अशा उंच की राजे काय ढांगा टाकत असतील असं वाटावं. मी सरळ नाही म्हणालो. माझा आवाजही चढला. शेजारून जाणारं एक जोडपं थबकून बघायला लागलं. रश्मी मध्ये पडली नाही. सुधानं माझ्याकडे बघितलं आणि एकटीच जिन्यात शिरली, मग मी तरी काय करणार.

वरच्या सज्जात पोचलो तेव्हा माझा घाम निघत होता, भर डिसेंबरात. खाली बेतवा चमकत होती. नदीकाठी राजांच्या समाध्यांच्या छत्र्यांवर गिधाडं बसली होती, सुस्त, पंख थोडे सैल सोडून. एवढी गिधाडं एका जागी मी लहानपणी पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. सुधा जाळीला टेकून उभी राहिली. रश्मी पुढं फोटो काढत होती. मी विचारलं, हे तुला कसं काय जमून राहिलंय. तुझा पाय तर महिनोन्‌महिने सपाट फरशीवरच फिरला आहे.

तिनं नदीकडे बघतच विचारलं,

“झेंडूला पाणी कोण घालून राहिलं, तुम्हाला काय वाटलं?”

“रश्मी.”

“रश्मीला पाणी प्यायची आठवण राहत नाही, कुंड्यांचं काय घेऊन बसले. तुम्ही सकाळी दूध-भाजी आणायला गेले की मी वर जाते. डॉक्टर हो म्हटले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“मला काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही जिन्याला फाटक लावलं असतं.”

ते खरं होतं. तसल्या फाटकाची चौकशी मी एका लोहाराकडे केलीही होती. मग तिनं राहिलेलंही सांगितलं. मटर सोलताना, रश्मी अंगणातून आल्या आल्या, तिला कळलं होतं की कुणी कुणाला काय विचारलं आहे. ती जबलपूरलाच जन्मली, घरात एक भाषा आणि दारात दुसरी घेऊन वाढली. असले शब्द तिला कधीच फसवत नाहीत.

“बोलायचं होतं,” ती म्हणाली. “मग मनात आलं, बोलले तर तीन ठिकाणी स्वयंपाकघराशेजारची खोली मिळेल. आणि मी आपली खालीच राहीन. तुमच्या कानातल्या त्या आवाजामुळे.”

जिन्यातल्या आवाजाबद्दल मी तिला कधी काही बोललो नव्हतो. मला राग यायला हवा होता, आणि मी त्याची वाटही पाहिली, पण तो आला नाही. मी तिथंच दगडावर बसलो. इतके महिने मी घरात कुठंही असलो तरी माझा एक कान जिन्याकडे असायचा, दूध तापवताना, पूजा करताना, झोपेतसुद्धा. आणि रोज सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर पडलो की त्याच जिन्यानं ही वर जात होती, झेंडूला पाणी घालत होती आणि खाली येऊन माझ्यासाठी चहा ठेवत होती. काही झालं नव्हतं. रोज काहीच झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. तो आवाज आता पुन्हा येणार नाही, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तो आवाज आला. उतरताना मी तिच्या पुढं होतो, तिच्याकडे तोंड करून, उलटा, पडली तर झेलायला. वळणावर मागं पायरी असेल असं वाटलं तिथं पायरी नव्हती. धप्प झालं आणि मी खालच्या चौथऱ्यावर बसलो होतो, उजवा पाय अंगाखाली दुमडून. वरून सुधाचा आवाज आला, अजिबात घाबरलेला नाही, “हलू नका. मी येते.” आणि ती आली, ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला, आपल्या लयीत. खाली पोचल्यावर माझा घोटा दाबून बघितला, बोटं हलवायला लावली, आणि तिची काठी माझ्या हातात दिली.

ओरछाच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं आणि पट्टा बांधला. रश्मीकडे बघून त्यानं विचारलं, इन दोनों में से पेशंट कौन था. रश्मी म्हणाली, बदलत राहतं.

जबलपूर

सागरमार्गे परतीचा रस्ता मी मागच्या सीटवर पाय लांब करून पाहिला, सुधासाठी बसवून घेतलेल्या उशीवर. ती पुढं बसली होती आणि रश्मीला कुठं वळायचं ते सांगत होती. दमोहला तिनं गाडी थांबवून माझ्यासाठी मेडिकलमधून गरम पाण्याची पिशवी घेतली. लंगुराला मिळाली त्यापेक्षा चांगली होती.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. रश्मीनं दार उघडलं आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाली, “पप्पा, तुम्ही आता खालीच झोपा. पलंग आहेच.”

तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. एरवी हे मीच म्हणालो असतो. मी काठीवर भार टाकून त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पलंगाशेजारी औषधांचा डबा होता, खिडकी बंद होती, पडदा ओढलेला. इतके महिने आम्ही दोघं तिथं झोपत होतो आणि ही खिडकी कुणी उघडली नव्हती, ते मला तेव्हा दिसलं. तेवढ्यात वर जिन्याचा दरवाजा वाजला. मग गच्चीवर नळ सुरू झाल्याचा आवाज, आणि कुंड्यांवर पाणी पडल्याचा. माझा कान सवयीनं जिन्याकडे लागला. जिन्याकडून दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

मी कठडा धरला आणि चांगला पाय पहिल्या पायरीवर टाकला. मध्येच दम घ्यायला थांबलो तर सुधा वर, दारात येऊन उभी राहिलेली दिसली, हात ओले. ती खाली आली नाही, हातही पुढं केला नाही. म्हणाली, “घाई नाही. चांगला पाय आधी.”

त्या दिवशी आम्ही वरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलो. दुसऱ्या दिवशी रश्मीनं शेजारच्या दोघांना बोलावून पलंग वर चढवला. घोटा अजून दुखतो, जिना चढायला मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ती रोज वरून तेच वाक्य म्हणते. नागपूरहून माझी बहीण पुढच्या महिन्यात यायची म्हणते आहे. तिचेही गुडघे दुखतात. काल फोनवर तिनं विचारलं, तुमच्याकडे मला जिना चढावा लागेल का रे. मी म्हणालो, नाही, तू बिनधास्त ये. आमची खालची खोली आता खाली आहे.